आलेखांची जाळी : सांख्यिकी आज्ञावलीतील बहुपटल मांडणीचा इतिहास

सारांश

एकाच पृष्ठावर अनेक लहान आलेख रांगा व स्तंभ यांमध्ये मांडून त्यांची परस्परांशी तुलना करणे ही आज संगणकावर एका ओळीच्या आज्ञेने साध्य होणारी गोष्ट आहे. मात्र या सुलभतेमागे सुमारे चारशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात सतराव्या शतकातील सौरडागांच्या चित्रांपासून ‘एस’ व ‘आर’ या सांख्यिकी भाषांपर्यंतचा हा प्रवास मांडला आहे. आलेखांची जाळी ही सजावटीची बाब नसून तुलनेची एक पद्धती आहे, त्या पद्धतीचे नियम टप्प्याटप्प्याने घडत गेले आणि ते नियम न जाणता जाळी वापरल्यास निष्कर्षांत दोष निर्माण होतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. मिनेसोटा येथील बार्लीच्या प्रयोगांची आकडेवारी हे त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे.

बीजसंज्ञा : बहुपटल आलेख, तुलना, समान मोजपट्टी, ट्रेलिस, आर भाषा.

१. प्रस्तावना

सामाजिक शास्त्रे असोत वा निसर्गविज्ञाने, आकडेवारीवर आधारित संशोधनाचा गाभा तुलना हाच असतो. एका जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण स्वतंत्रपणे फारसे काही सांगत नाही. ते शेजारच्या जिल्ह्याशी, मागील दशकाशी किंवा स्त्री-पुरुष अशा गटांशी ताडून पाहिले म्हणजे त्याला अर्थ प्राप्त होतो. ही तुलना कोष्टकातून करता येते, त्याचप्रमाणे आलेखातूनही करता येते. परंतु सर्व गटांच्या रेषा एकाच आलेखात ओढल्या तर त्यांचा गुंता होतो आणि प्रत्येक गटाचा आलेख स्वतंत्र पृष्ठावर दिला तर वाचकाला मागील पृष्ठ स्मरणात ठेवावे लागते. या दोन अडचणींमधून निघालेला मार्ग म्हणजे आलेखांची जाळी होय.

जाळीच्या मांडणीचे दोन प्रकार आरंभीच वेगळे करणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात एकाच आकडेवारीचे एखाद्या गुणधर्मानुसार गट पाडले जातात आणि प्रत्येक गटासाठी तोच आलेख पुन्हा काढला जातो. दुसऱ्या प्रकारात भिन्न जातीचे आलेख, उदाहरणार्थ एक स्तंभालेख, एक विकिरण आकृती व एक नकाशा, केवळ सोयीसाठी एका पृष्ठावर एकत्र आणले जातात. पहिल्या प्रकारात मांडणी हाच युक्तिवाद असतो. दुसऱ्या प्रकारात ती बहुतांशी पृष्ठरचना असते. या दोहोंचा इतिहास परस्परांत मिसळलेला असला तरी त्यांची प्रयोजने भिन्न आहेत.

२. संगणकपूर्व काळ : सूर्यबिंबांपासून जनगणनेपर्यंत

एकाच पृष्ठावर क्रमाने मांडलेल्या लहान आकृत्यांचे एक ठळक आरंभीचे उदाहरण खगोलशास्त्रात आढळते. जेझुइट पंथाचे विद्वान क्रिस्टोफ शायनर यांनी १६११ मध्ये सूर्यावरील डागांची जी निरीक्षणे केली, ती १६१२ साली ऑग्सबर्ग येथून टोपणनावाने प्रसिद्ध झाली. त्यातील एका पटावर निरनिराळ्या दिवसांची लहान सूर्यबिंबे रांगांत मांडलेली आहेत. त्यामुळे एखादा डाग बिंबावरून कसा सरकत जातो, हे एका दृष्टिक्षेपात कळते. याउलट गॅलिलिओ यांनी १६१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पत्रांत प्रत्येक दिवसाचे सूर्यबिंब मोठ्या आकारात, स्वतंत्र पृष्ठावर दिले. शायनर यांच्या पटावर क्रम सहज दिसतो, तर गॅलिलिओंच्या चित्रांत डागांचे बदलते आकार बारकाईने पाहता येतात.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. आकृत्या शेजारी-शेजारी मांडूनही शायनर यांचा आरंभीचा निष्कर्ष सदोष ठरला. हे डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान गोल असावेत, असे त्यांचे मत होते. बिंबाच्या कडेजवळ डाग अरुंद होतात, यावरून ते सूर्याच्या पृष्ठभागावर किंवा त्याच्या अगदी लगत असले पाहिजेत, असा युक्तिवाद गॅलिलिओ यांनी केला. पुढे १६३० मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या बृहद्ग्रंथात शायनर यांनीही डाग सूर्यावरच असल्याचे मान्य केले. जाळी तुलना सुलभ करते. निष्कर्षाची हमी मात्र देत नाही. हे सूत्र या इतिहासात पुढेही पुन्हा पुन्हा प्रत्ययास येते.

आर्थिक आकडेवारीच्या आलेखांचा आरंभ विल्यम प्लेफेअर यांच्या १७८६ सालच्या व्यापारविषयक नकाशासंग्रहापासून मानला जातो. त्यात ४४ आलेख होते आणि इंग्लंडचा निरनिराळ्या देशांशी चालणारा व्यापार त्यांत दाखवला होता. आलेखाचा नमुना बहुतेक ठिकाणी तोच, परंतु आलेख स्वतंत्र पृष्ठांवर, अशी ही रचना होती. तुलनेची बीजे तेथे होती. शेजार मात्र नव्हता.

हा शेजार एकोणिसाव्या शतकातील शासकीय संग्रहांनी मिळवून दिला. अमेरिकेच्या १८७० सालच्या नवव्या जनगणनेचे अधीक्षक फ्रान्सिस वॉकर यांच्या संपादनाखाली १८७४ मध्ये जो सांख्यिकी नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला, त्यात प्रत्येक राज्यासाठी एक लहान आकृती काढून त्या सर्व आकृत्या एकाच पटावर मांडल्या होत्या. लोकसंख्येचे घटक, व्यवसाय, वय व लिंग यांनुसार होणारी विभागणी अशा विषयांसाठी हा उपाय योजला गेला. फ्रान्समध्ये एमिल शेसाँ यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाने १८७९ पासून काढलेल्या आलेखसंग्रहांतही अशा मांडणीचे उत्तम नमुने आहेत.

हे ग्रंथ शासनाच्या पाठबळानेच निघू शकले, यामागील कारण तांत्रिक व आर्थिक होते. प्रत्येक आकृती हाताने रेखाटावी लागे आणि रंगीत शिळाछापासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा घ्यावा लागे. जितकी राज्ये तितक्या आकृत्या, म्हणजे तितक्याच पट श्रम. अभ्यासकाला एकट्याने, केवळ शोध घेण्यासाठी, अशी जाळी काढणे परवडणारे नव्हते. म्हणून त्या काळातील जाळी ही ज्ञात झालेले दाखविण्यासाठी होती. अज्ञात शोधण्यासाठी ती वापरली जाणे दुरापास्त होते.

३. विचारांची पायाभरणी : १९६७ ते १९८४

फ्रेंच मानचित्रकार झाक बेर्तँ यांनी १९६७ मध्ये आलेखांच्या चिन्हव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या मांडणीचे तार्किक समर्थन सापडते. फ्रान्समधील शेती, उद्योग व व्यापार यांतील कामकऱ्यांची विभागवार आकडेवारी त्यांनी अनेक प्रकारांनी चित्रित करून दाखविली. तिन्ही बाबी एकाच नकाशावर चढवल्या तर ‘अमुक ठिकाणी काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. पण ‘अमुक बाब कोठे कोठे आहे?’ याचे उत्तर हवे असेल, तर प्रत्येक बाबीचा स्वतंत्र लहान नकाशा शेजारी-शेजारी मांडला पाहिजे. मांडणी प्रश्नावर अवलंबून असते, हा बेर्तँ यांच्या विवेचनाचा मोलाचा भाग होय.

संख्याशास्त्राच्या क्षेत्रात १९७३ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी प्रत्येकी अकरा निरीक्षणांचे चार संच तयार केले. चारही संचांत एका चलाचे माध्य ९, दुसऱ्याचे सुमारे ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२ आणि समाश्रयण रेषाही जवळजवळ एकच. कोष्टकातील सारांशावरून हे संच एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. परंतु दोन रांगा व दोन स्तंभ अशा जाळीत त्यांच्या विकिरण आकृत्या मांडल्या, की पहिल्यात सामान्य विखुरलेपण, दुसऱ्यात स्पष्ट वक्ररेषा, तिसऱ्यात एक बिंदू वगळता सरळ रेषा आणि चौथ्यात एका दूरस्थ बिंदूमुळेच निर्माण झालेला संबंध दिसतो. चारही पटलांवर मोजपट्टी एकच असल्यामुळे हा भेद निःसंदिग्ध होतो.

जॉन टुकी यांच्या १९७७ सालच्या ग्रंथाने आकडेवारीच्या शोधक विश्लेषणाला प्रतिष्ठा दिली. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, जॉन हार्टिगन यांनी अनेक चलांच्या सर्व जोड्यांच्या विकिरण आकृत्या एका चौरस जाळीत मांडण्याची कल्पना पुढे आणली. चार चले असतील तर सहा जोड्या आणि दहा चले असतील तर पंचेचाळीस जोड्या होतात. हाताने हे काम अशक्यप्राय होते, संगणकाच्या मुद्रकाने ते शक्य केले. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मध्ये अशा पुनरावृत्त लहान आलेखांना एक नाव दिले आणि ते रूढ झाले.

या सर्वांना प्रायोगिक आधार दिला तो विल्यम क्लीव्हलंड व रॉबर्ट मॅकगिल यांच्या १९८४ सालच्या शोधनिबंधाने. आलेख वाचताना मानवी दृष्टी कोणता अंदाज किती अचूकपणे करते, याची त्यांनी क्रमवारी लावली. एकाच समान मोजपट्टीवरील स्थान ओळखणे सर्वांत अचूक; त्याखालोखाल शेजारच्या पटलांतील एकसारख्या मोजपट्ट्यांवरील स्थान; लांबी, कोन, क्षेत्रफळ व रंगछटा यांचा क्रम त्यानंतर लागतो. आलेखांच्या जाळीत मोजपट्टी समान का ठेवावी, याचे शास्त्रीय उत्तर येथे मिळते. पटलापटलांतील मोजपट्ट्या बदलल्या, तर वाचकाला डोळ्यांऐवजी आकडेमोडीवर विसंबावे लागते आणि जाळीचा मूळ लाभच नष्ट होतो.

४. ‘एस’पासून ‘आर’पर्यंत

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स, रिक बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘एस’ या सांख्यिकी भाषेचा आरंभ केला. या परंपरेतील मूळ आलेखपद्धतीत पृष्ठाची विभागणी अगदी साध्या रीतीने होते. ‘पार’ या आज्ञेत ‘एमएफरो’ हा घटक देऊन किती रांगा व किती स्तंभ हवेत ते सांगायचे. त्यानंतर काढलेला प्रत्येक आलेख रांगेने पुढील रिकाम्या चौकटीत जाऊन बसतो. ‘एमएफकॉल’ वापरल्यास चौकटी स्तंभाने भरल्या जातात. चौकटींचे आकार असमान हवे असल्यास ‘लेआउट’ ही आज्ञा उपलब्ध आहे. ‘आर’मध्ये दोन रांगा व दोन स्तंभ केल्यास अक्षरे आपोआप ०.८३ पट होतात आणि तीन किंवा अधिक रांगा अथवा स्तंभ केल्यास ०.६६ पट होतात.

या पद्धतीची मर्यादा अशी, की येथे यंत्राला चौकटी कळतात, पण चौकटींमधील नाते कळत नाही. प्रत्येक आलेखाचा अक्ष त्या-त्या गटाच्या आकड्यांवरून स्वतंत्रपणे ठरतो. परिणामी एका पटलात ० ते १० आणि शेजारच्या पटलात ० ते १००० अशी मोजपट्टी येऊनही दोन्ही रेषा सारख्याच उंच दिसू शकतात. मोजपट्टी समान ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी अभ्यासकावर राहते.

ही उणीव ‘ट्रेलिस’ पद्धतीने दूर केली. वेल चढविण्यासाठी बागेत बांधतात त्या जाळीदार ताटीचे हे नाव. क्लीव्हलंड यांचा १९९३ सालचा ग्रंथ आणि बेकर, क्लीव्हलंड व शू यांचा १९९६ सालचा शोधनिबंध यांतून तिची मांडणी झाली. येथे अभ्यासक चौकटी मोजत नाही. कोणते चल कोणत्या चलाच्या संदर्भात, कोणत्या गटानुसार पाहायचे, एवढेच तो सांगतो. गट पाडणे, पटले रचणे व समान मोजपट्टी देणे ही कामे आज्ञावली करते. गट पाडण्याचे चल वयासारखे सलग असेल, तर त्याचे कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडे चढलेले भाग करता येतात. पटलांचा क्रमही वर्णानुक्रमे न ठेवता मध्यकानुसार लावण्याचा आग्रह या पद्धतीत आहे, कारण क्रम योग्य असला म्हणजे विसंगती चटकन नजरेत भरते.

‘आर’ भाषेचा उगम न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात झाला. रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९३ मध्ये तिची घोषणा केली, १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच विद्यापीठातील पॉल मरेल यांनी ‘ग्रिड’ ही नवी आलेखव्यवस्था रचली. तिच्या पायावर दीपायन सरकार यांनी ‘लॅटिस’ हा संच उभारून ट्रेलिसची कल्पना मुक्त भाषेत आणली. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या दिल्ली केंद्रात सरकार यांनी पुढे अध्यापन केले, ही आपल्या दृष्टीने नोंद घेण्याजोगी बाब आहे.

लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखांचे ‘व्याकरण’ मांडले. त्यावर आधारलेला हॅडली विकहॅम यांचा ‘जीजीप्लॉट-टू’ हा संच २००७ मध्ये आला. ‘फॅसेट-ग्रिड’ ही त्यातील आज्ञा एका गुणधर्माला रांगा व दुसऱ्याला स्तंभ देते. ‘फॅसेट-रॅप’ एकाच गुणधर्माच्या पटलांची पट्टी गुंडाळून पृष्ठावर बसवते. दोहोंतही मोजपट्टी मुळात समान असते. ती मोकळी सोडायची असेल तर तसे स्पष्टपणे सांगावे लागते. भिन्न आलेख एकत्र आणण्यासाठी, म्हणजे प्रस्तावनेतील दुसऱ्या प्रकारासाठी, क्लाउस विल्के यांचा ‘काउप्लॉट’ व थॉमस लिन पेडरसन यांचा ‘पॅचवर्क’ हे संच निघाले. ‘पॅचवर्क’मध्ये उभी रेघ दोन आलेखांना शेजारी बसवते आणि तिरपी रेघ एकाखाली एक. ‘पायथॉन’ भाषेत हेच काम जॉन हंटर यांनी निर्माण केलेल्या ‘मॅटप्लॉटलिब’मधील ‘सबप्लॉट’ करते.

५. बार्लीचे शेत आणि मॉरिसचा प्रश्न

या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा एकाच उदाहरणातून पाहावयाच्या असतील, तर मिनेसोटा राज्यातील बार्लीचे प्रयोग पाहावेत. इमर, हेज व पॉवर्स यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगांतील सुपरिचित संचात सहा ठिकाणी, दहा वाणांचे, १९३१ व १९३२ या दोन वर्षांतील उत्पादन नोंदले आहे; म्हणजे एकूण १२० आकडे. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ सालच्या आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात त्यातील काही भाग वापरला आणि तेव्हापासून ही आकडेवारी अध्यापनात प्रचलित झाली.

क्लीव्हलंड यांनी तिची ट्रेलिस जाळी काढली. प्रत्येक ठिकाणाला एक पटल, पटलात दहा वाणांच्या दहा ओळी, प्रत्येक ओळीवर दोन वर्षांचे दोन बिंदू आणि पटलांचा क्रम मध्यकानुसार. पाच ठिकाणी १९३१ चे उत्पादन एकंदरीत १९३२ पेक्षा अधिक दिसते. मॉरिस या एकाच ठिकाणी चित्र उलटे आहे. मॉरिसची दोन्ही वर्षे नोंदताना अदलाबदल झाली असावी, असा निष्कर्ष क्लीव्हलंड यांनी काढला. सुमारे सहा दशके नामवंतांच्या हाताखालून गेलेल्या आकडेवारीतील विसंगती एका जाळीने उघड केली, म्हणून हे उदाहरण आलेखशास्त्रात वारंवार दिले जाऊ लागले.

परंतु प्रकरण येथे संपले नाही. केव्हिन राइट यांनी २०१३ मध्ये या आकडेवारीचा पुनर्विचार केला. त्यांनी मूळ प्रयोगांचे अधिक वर्षांचे अहवाल धुंडाळले आणि हवामानाच्या नोंदीही तपासल्या. ठिकाणाठिकाणांत व वर्षावर्षांत असे उलटसुलट फरक एरवीही पडत असत. त्यामुळे मॉरिसचे आकडे चुकीचेच मानण्याचे कारण नाही, असे त्यांच्या मांडणीतून पुढे आले. दोन वर्षांच्या चौकटीत जे अपवाद वाटले, ते अधिक वर्षांच्या चौकटीत नेहमीच्या चढउतारांत मोडणारे दिसले.

इतिहासाच्या अभ्यासकाला यातील धडा परका वाटणार नाही. जाळीने प्रश्न दाखविला. उत्तर मात्र दप्तरात होते. एखादे पटल इतरांपासून वेगळे दिसते, याचा अर्थ एवढाच की तेथे थांबून विचारणा केली पाहिजे. ती नोंदीतील चूक आहे, की वास्तवातील वेगळेपणा, हे आलेख ठरवू शकत नाही. मूळ साधन पाहिल्याविना आकडे ‘दुरुस्त’ केले असते, तर मॉरिसच्या शेतकऱ्याचा एक खराखुरा हंगाम नोंदीतून पुसला गेला असता. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिलेच्या आहत नाण्यांचे मागील बाजूवरील ठशांच्या संख्येनुसार गट पाडून वजनांची तुलना केली आणि वापराने होणारी झीज दाखवून दिली. गटवार तुलना व प्रत्यक्ष साधन यांची सांगड कशी घालावी, याचा तो आपल्या परंपरेतील आदर्श होय.

६. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आलेखांची जाळी ही संगणकाची निर्मिती नाही. संगणकाने तिचे श्रम नाहीसे केले आणि त्यायोगे ती दाखविण्याच्या साधनाऐवजी शोधण्याचे साधन बनली.

२) ‘पार’पासून ‘ट्रेलिस’ व ‘फॅसेट’पर्यंतचा बदल हा केवळ सोयीचा नाही. चौकटी मोजण्याकडून गटांमधील नाते सांगण्याकडे झालेला तो वैचारिक प्रवास आहे.

३) समान मोजपट्टी, अर्थपूर्ण क्रम आणि प्रश्नाला अनुरूप गट हे जाळीचे तीन मूलभूत नियम होत. मोजपट्टी मोकळी सोडावयाची झाल्यास त्याचा स्पष्ट उल्लेख आलेखाखाली असणे ही संशोधकाची नैतिक जबाबदारी आहे.

४) जाळीत दिसणारी विसंगती हा पुरावा नसून प्रश्न आहे. शायनर यांची सूर्यबिंबे व मॉरिसचे शेत या दोहोंमधून हेच सिद्ध होते.

महाविद्यालयीन स्तरावरील अनेक प्रबंधांत प्रत्येक प्रश्नासाठी एक वर्तुळालेख, तोही स्वतंत्र पृष्ठावर, देण्याची प्रथा दिसते. अशा पन्नास वर्तुळांतून वाचकाच्या हाती तुलना लागत नाही. केवळ पृष्ठसंख्या वाढते. ‘आर’ भाषा विनामूल्य आहे आणि ती शिकविणारे संख्याशास्त्राचे सहकारी अनेक महाविद्यालयांत आहेत. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी त्यांच्याशी संवाद साधून आपली आकडेवारी एकदा तरी गटवार जाळीत मांडून पाहावी. तीत एखादे पटल वेगळे दिसले, तर आकडा बदलण्यापूर्वी मूळ नोंदवही उघडावी.